खुल्या वैकल्पिक विषयासाठी 'पाणी' हा अभ्यासक्रम तीन विभागांनी मिळून कसा आखावा?

कातळ

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवी अभ्यासक्रमांची जी नवी मांडणी आली, तिच्यात खुला वैकल्पिक विषय विद्यार्थ्याच्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा असावा अशी अट आहे. त्या निमित्ताने अर्थशास्त्राचे एक सहकारी, मराठीच्या एक सहकारी आणि मी अशा तिघांनी मिळून 'पाणी' या नावाचा दोन श्रेयांकांचा, म्हणजे तीस तासांचा, अभ्यासक्रम तयार केला. आमचा भाग पर्जन्यछायेतला आहे आणि वर्गातील बहुतेक मुलामुलींच्या घरी शेती आहे, त्यामुळे विषय निवडताना फार विचार करावा लागला नाही.

विचार करायला हवा होता तो मांडणीचा, आणि तिथे आम्ही चुकलो. तीस तासांचे दहा-दहा तासांचे तीन घटक पाडले. पहिले दहा तास मी खडक, भूजल आणि पर्जन्यमान शिकवले. पुढचे दहा तास अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी सिंचन, वीजदर आणि पीकपद्धती घेतली. शेवटचे दहा तास मराठीच्या सहकाऱ्यांनी दुष्काळावरचे साहित्य आणि जात्यावरच्या ओव्या शिकवल्या. प्रत्येकाने आपापला भाग मनापासून शिकवला, परंतु आम्ही एकमेकांच्या वर्गात एकदाही जाऊन बसलो नाही.

सत्रांत परीक्षेत मी एक प्रश्न विचारला होता. एकाच शिवारातील दोन विहिरींपैकी एक मार्चमध्येच आटते आणि दुसरी मे अखेरपर्यंत पाणी देते, याची कारणे लिहायची होती. जवळजवळ सर्वांनी सच्छिद्रता आणि पार्यता (खडकातून पाणी किती सहज वाहू शकते) यांच्या व्याख्या लिहून उत्तर पूर्ण केले. अर्थशास्त्राच्या प्रश्नात भूजल उपशाची कारणे विचारली होती, तिथे त्याच मुलांनी विजेचे दर आणि उसाचे क्षेत्र एवढेच लिहिले. परीक्षा संपल्यावर वाणिज्य शाखेचा एक मुलगा मला भेटला आणि सहज बोलता बोलता म्हणाला, "सर, तो प्रश्न आमच्याच विहिरीचा होता. आमची विहीर काळ्या पाषाणात आहे आणि शेजाऱ्यांची मांजऱ्यात आहे. त्यातून त्यांनी विहिरीत आडवे बोअर मारले आणि मोठी मोटार बसवली. मुळात वाटणीच्या वेळी आजोबांनी ओढ्याकडची बाजू भावाला दिली, तेव्हापासून हे सुरू आहे." (मांजऱ्या म्हणजे छिद्रे असलेला, पाणी मुरू देणारा खडक.) खडक, पैसा आणि घराचा इतिहास हे सगळे त्या तीन-चार वाक्यांत आले होते. हे उत्तरपत्रिकेत का लिहिले नाहीस असे विचारल्यावर तो म्हणाला, "हे कोणत्या सरांच्या भागात बसते ते कळले नाही."

त्याच्या या उत्तराने मी फार अस्वस्थ झालो आहे. मुलाला जे एकसंध माहीत होते, त्याचे आम्ही तीन तुकडे केले आणि ते पुन्हा जोडायची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. पुढच्या वर्षी हाच अभ्यासक्रम पुन्हा शिकवायचा आहे. तीन विषयांचे शिक्षक एकत्र शिकवताना अभ्यासक्रमाचा कणा कशाचा असावा, प्रत्येक विषयाची पायाभरणी किती करावी आणि परीक्षा कशी घ्यावी, याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांचे अनुभव वाचायला मिळाले तर मोठी मदत होईल.

ओवी

कातळ सर, तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण अशा अभ्यासक्रमांत मराठीच्या वाट्याला येणारे स्थान मी चांगले ओळखते. आधी विज्ञान येते, मग धोरण येते, आणि सर्वांत शेवटी, मुले थकलेली असताना, साहित्य येते. कविता आणि ओव्या तिथे तोरणासारख्या टांगल्या जातात. तुमच्या मराठीच्या सहकाऱ्यांना शेवटचे दहा तास मिळाले, यातच अडचणीचा अर्धा भाग आहे असे मला वाटते.

आम्ही इतिहास, मराठी आणि भूगोल अशा तीन विभागांनी पाण्यावरच एक अभ्यासक्रम गेली दोन वर्षे शिकवला आहे. आमचा अनुभव असा, की तिन्ही शिक्षकांनी एकच मजकूर समोर घेऊन एकाच तासिकेत वाचला, तर जोडणीचे काम आपोआप होते. दोन उदाहरणे देते.

महात्मा फुले यांच्या १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात सरकारला केलेल्या सूचनांचा एक भाग आहे. सरकारने पाणाड्यांकडून, म्हणजे जमिनीतले पाणी शोधून देणाऱ्यांकडून, शेतांची पाहणी करून घ्यावी आणि जिथे झरे सापडतील त्या जागांच्या खुणा गावच्या नकाशावर कायम कराव्यात, अशी त्यात एक सूचना येते. मराठीची शिक्षिका म्हणून मी त्या लांबलचक वाक्याची रचना, त्यातील रोख आणि ते कोणाला उद्देशून लिहिले आहे ते दाखवते. इतिहासाचे सहकारी त्या काळातील जमीनमहसूल आणि कर्जबाजारीपणा समजावून सांगतात. मग भूगोलाच्या सहकारी विचारतात, की पाणाड्या नेमके काय पाहत असे? उंबराचे झाड, वारुळ, ओढ्याचे वळण, जमिनीचा उतार यांतल्या कोणत्या खुणांना आजच्या भूजलशास्त्रात आधार आहे आणि कोणत्या खुणांना नाही? आमच्या वर्गात या प्रश्नावर पाऊण तास चर्चा चालली. ज्यांच्या गावात आजही पाणाड्याला बोलावतात ती मुले त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. भूजलाचे सर्वेक्षण करून नकाशे तयार करावेत ही कल्पना एका मराठी गद्यग्रंथात १८८३ साली मांडली गेली होती, हे विज्ञानाच्या मुलांना कोणी सांगितलेले नसते, आणि तो ग्रंथ म्हणजे निव्वळ कैफियत नसून त्यात नियोजनाचा बारकाईने केलेला विचार आहे, हे कलाशाखेच्या मुलांच्याही लक्षात आलेले नसते.

दुसरे उदाहरण महाडच्या चवदार तळ्याचे. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह सर्वांना माहीत असतो. त्याच्या आधीचा आणि नंतरचा कागदोपत्री प्रवास मात्र फारच थोड्यांना माहीत असतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा मुंबई विधिमंडळातील ठराव १९२३ चा, त्यानुसार महाड नगरपालिकेने तळे सर्वांसाठी खुले केले ते १९२४ मध्ये, आणि सत्याग्रहानंतर दाखल झालेल्या दाव्याचा मुंबई उच्च न्यायालयातील निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. तळे ही खाजगी मालमत्ता आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. ती रूढी अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाने ठरवले. या निकालपत्रात तळ्याचे पाणी कोठून येते याचाही उल्लेख आहे. ते पावसाळ्यातून आणि काही नैसर्गिक झऱ्यांतून येते, एवढेच त्यात सांगितले आहे. भूशास्त्राचा शिक्षक नेमका तिथे बोट ठेवू शकतो. आभाळातून पडणाऱ्या आणि जमिनीखालून झिरपत येणाऱ्या पाण्याची मालकी एका जातीकडे कशी असू शकते, हा प्रश्न कायद्याचा आहे, समाजाचा आहे आणि खडकाचाही आहे. ते वाक्य वाचून झाल्यावर आमच्या वर्गात काही क्षण कोणीच बोलले नाही, आणि त्यानंतर जे बोलणे सुरू झाले ते तासिका संपल्यावरही व्हरांड्यात चालू राहिले.

म्हणून माझी सूचना अशी, की घटक विषयांप्रमाणे पाडू नका. पाच किंवा सहा मजकूर निवडा, त्यांत कविता असेल, निकालपत्र असेल, शासन निर्णय असेल, विहीर खोदल्याची जुनी नोंद असेल, आणि प्रत्येक मजकुरावर तिघांनी मिळून पाच तास द्या.

ताळेबंद

ओवी मॅडम, चवदार तळ्याच्या निकालपत्राचा उपयोग मी यापूर्वी असा कधी पाहिला नव्हता आणि तो मी माझ्या वर्गात नक्की करणार आहे. तरीही कणा मजकुराचा असावा या मताशी मी सहमत नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो आणि माझ्या वर्गात वाणिज्य शाखेची मुले जास्त असतात. लांब मजकूर समोर आला की त्यातील बरीच मुले तो भाषेच्या शिक्षकांचा तास आहे असे समजून मागे सरकतात. त्यांना पुढे आणायचे असेल तर सुरुवात एका विहिरीपासून करावी, आणि कातळ सरांना तर ती विहीर त्या मुलाने आयतीच दिली आहे.

मी फळ्यावर जे गणित मांडतो ते सविस्तर सांगतो, कारण त्यातच तिन्ही विषय एकमेकांत गुंततात. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाण्याची पातळी एक मीटरने उतरली, तर साधारण २८,००० लिटर पाणी उपसले गेले. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते १०,००० लिटर होतात, म्हणजे वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस असलेल्या गावात हेक्टरी ५० लाख लिटर पाणी पडते. त्यातील दहा टक्के जमिनीत मुरले असे गणितापुरते धरले, तर ते ५ लाख लिटर होते. आता पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षभरात २,००० मिलिमीटर पाणी लागते असे धरा आणि त्यातून पावसाचे ५०० मिलिमीटर पूर्ण वजा करा. उरलेल्या १,५०० मिलिमीटरसाठी हेक्टरी दीड कोटी लिटर पाणी जमिनीखालून काढावे लागेल. म्हणजेच एक हेक्टर ऊस तीस हेक्टरांवर मुरलेले पाणी पितो. हा आकडा मुलांनी स्वतः काढलेला असतो, आणि तो फळ्यावर आल्यावर पुढचा प्रश्न तेच विचारतात, की उरलेल्या एकोणतीस हेक्टरांचे मालक कोण आहेत आणि त्यांना हे माहीत आहे का.

इथे भूशास्त्राच्या शिक्षकाने थांबवून सांगायचे, की हे दहा टक्के सगळीकडे सारखे नसतात. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हारसापासून बनलेल्या खडकाचा, आहे. त्यातल्या मुरूम आणि मांजऱ्या यांत पाणी मुरते व साठते, भेगा नसलेल्या काळ्या पाषाणात ते जवळजवळ मुरतच नाही. त्यानंतर मी वीजबिल समोर ठेवतो. शेतीपंपाचे बिल बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षे वापरलेल्या युनिटवर न येता मोटारीच्या अश्वशक्तीवर येत आले, आणि २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना लागू झाली. मोटार आणखी एक तास चालवण्याचा जादा खर्च शून्य असेल तर शेतकरी ती किती तास चालवेल? सीमांत खर्चाची व्याख्या पाठ असलेल्या मुलांना तिचा अर्थ या प्रश्नाने समजतो. मग कायदा येतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीखालून ठरावीक प्रवाहाशिवाय वाहणारे पाणी आपल्या हद्दीत उपसण्याचा अधिकार जमीनमालकाला मिळतो. खडकातल्या पाण्याला बांध कळत नाही, कायद्याला मात्र बांधाशिवाय दुसरे काही दिसत नव्हते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने या अधिकाराला मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला आहे, आणि तो का करावा लागला हे एवढे सगळे झाल्यावर समजावून सांगावे लागत नाही.

यापुढे दोन दिशा असतात. बहुतेक पाठ्यपुस्तके अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या सामाईक साधनांवरील १९६८ च्या निबंधावर थांबतात आणि सामाईक साधनाचा नाश अटळ असतो अशी मुलांची समजूत होते. म्हणून मी लगेच पुरंदर तालुक्यातील नायगावची पाणी पंचायत शिकवतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे काम सुरू केले. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातील माणसांवर ठरवायचा, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे पाणी द्यायचे, भूमिहीनांनाही वाटा ठेवायचा आणि ऊस घ्यायचा नाही, हे तिथले नियम होते. यानंतर, लोक स्वतः नियम करून सामाईक साधने टिकवू शकतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे नाव सांगितले, की मुलांना ते परके वाटत नाही. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्यांच्या संशोधनाची सुरुवात दक्षिण कॅलिफोर्नियातील भूजलावरच्या प्रबंधाने झाली होती. भूमिहीनाला पाण्याचा वाटा का, या प्रश्नावर माझ्या वर्गात दर वर्षी जोरदार वाद होतो, आणि ओवी मॅडम, तुमचे चवदार तळे मी याच जागी आणणार आहे.

थोडक्यात, विहीर आधी असावी आणि मजकूर तिच्या गरजेप्रमाणे यावा. तसे केल्यास एकाही शिक्षकाला 'माझा भाग' म्हणता येत नाही.

मोजपट्टी

मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, पण एक शंका स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते. तीस तासांत भूशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, इतिहास आणि साहित्य एवढे सगळे आणले, तर मुलांच्या हाती नेमके काय लागेल? चर्चा रंगते, मुले बोलतात, शिक्षकांना समाधान मिळते, आणि तरीही पार्यता म्हणजे काय आणि ती कशी मोजतात हे सत्राच्या शेवटी कोणालाच सांगता येत नाही, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. विषयांची शिस्त शतकानुशतकांच्या श्रमातून घडलेली असते. ती सैल झाली, की विषयांना जोडणारा अभ्यासक्रम वर्तमानपत्रातील लेखाच्या पातळीवर उतरतो.

माझी सूचना मर्यादित आहे. प्रत्येक विषयाने एकच कल्पना निवडावी आणि ती कसाला लावून शिकवावी. भूशास्त्राने पार्यता घ्यावी आणि बादली, वाळू, मुरूम व चिकणमाती घेऊन वर्गात पाणी किती वेळात उतरते ते घड्याळ लावून मोजावे. अर्थशास्त्राने सीमांत खर्च घ्यावा. मराठीने एकच मजकूर घ्यावा, पण त्यातील प्रत्येक शब्द सोडवावा. बाकी सगळे या तीन कल्पनांच्या आधाराने येऊ द्यावे आणि जे येणार नाही ते निर्धाराने वगळावे. काय वगळले, याची यादी अभ्यासक्रमाच्या आराखड्याबरोबर ठेवावी. मी माझ्या नोकरीत ती नेहमी ठेवत असे आणि नव्या शिक्षकाला तिचा सर्वांत जास्त उपयोग होई.

सत्रांत

मी एका स्वायत्त महाविद्यालयात अभ्यास मंडळाचे काम पाहते, त्यामुळे परीक्षा आणि व्यवस्था यांविषयीच लिहिते. त्या दोन्ही न बदलता केवळ शिकवणे बदलले, तर कातळ सरांचा तो विद्यार्थी पुढच्या वर्षीही उत्तर लिहिणार नाही. हे कोणत्या सरांच्या भागात बसते, हा प्रश्न त्याला प्रश्नपत्रिकेने शिकवला आहे.

आम्ही अंतर्गत मूल्यमापनात घटक चाचणी बंद करून 'विहिरीची वही' सुरू केली. शक्यतो वेगवेगळ्या शाखांतील तीन विद्यार्थ्यांचा एक गट असतो आणि गटातील एकाच्या गावातली एक विहीर निवडली जाते. दर आठवड्याला वजन बांधलेल्या टेपने पाण्याची पातळी मोजायची, मोटार किती अश्वशक्तीची आहे व ती दिवसाला किती तास चालते हे लिहायचे, विहीर खोदताना कोणते थर लागले हे घरातील जुन्या माणसांना विचारायचे, आणि त्या विहिरीची वाटणी, भांडणे, पूजा, नाव यांविषयी जे सांगितले जाईल ते सांगणाऱ्याच्याच शब्दांत टिपून ठेवायचे. शेवटी तिघांनी मिळून चार पानांचा एकच अहवाल लिहायचा. तोंडी परीक्षेत मात्र प्रत्येकाला स्वतःच्या मुख्य विषयाबाहेरचे प्रश्न विचारले जातात, म्हणजे विज्ञानाच्या मुलीला वाटणीविषयी आणि मराठीच्या मुलाला थरांविषयी. कठडा नसलेली विहीर घेऊ द्यायची नाही आणि मालक सोबत असल्याशिवाय मोजमाप करायचे नाही, हे दोन नियम आम्ही लेखी दिले आहेत.

एक गोष्ट आम्हाला उशिरा सुचली. पहिल्या वर्षी हा अभ्यासक्रम जूनला सुरू होणाऱ्या सत्रात होता. जुलै ते ऑक्टोबर विहिरी भरत असतात, त्यामुळे मुलांच्या वहीत पाणी वर चढत गेले आणि आटण्याचा प्रश्न कागदावरच राहिला. दुसऱ्या वर्षी तो डिसेंबरनंतरच्या सत्रात नेला. जानेवारी ते एप्रिल पातळी उतरत जाते, गटागटांत तुलना होते, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जानेवारी व मार्चमधील नोंदींशी आपले आकडे ताडून पाहता येतात. अभ्यासक्रम कोणत्या सत्रात ठेवायचा हा निर्णय वेळापत्रक समितीवर सोडू नका.

सत्रांत परीक्षेत आम्ही तीन शिक्षकांनी एकत्र बसून काढलेला एक मोठा प्रश्न असतो. त्यात एका विहिरीची खरी माहिती, एक लहान तक्ता आणि एका म्हाताऱ्या बाईंचे पाच ओळींचे निवेदन दिलेले असते, आणि तिन्हींचा आधार घेतल्याशिवाय उत्तर पूर्ण धरले जात नाही. तपासणी सुरू करण्यापूर्वी दहा उत्तरपत्रिका तिघेही स्वतंत्रपणे तपासतो आणि गुणांतील फरकावर बोलतो. पहिल्या वेळी तो फरक इतका मोठा होता, की एकमेकांच्या विषयात चांगले उत्तर कशाला म्हणतात हे आपल्याला माहीत नाही, हे आम्हाला मान्य करावे लागले. शिक्षक म्हणून मी त्या दुपारी जेवढे शिकले तेवढे कोणत्याही उद्बोधन वर्गात शिकले नाही.

आता दोन कटकटीच्या बाबी. पहिली विद्याशाखेची. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा चार विद्याशाखा आहेत. तुमचा अभ्यासक्रम भूशास्त्राच्या नावाने विज्ञान शाखेत नोंदवला, तर विज्ञानाच्या मुलांना तो घेता येणार नाही आणि मिश्र गटच होणार नाहीत. तो चौथ्या विद्याशाखेत नोंदवता येतो का, हे आधी विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या. दुसरी बाब कार्यभाराची. साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास अध्यापन करावे लागते, आणि एका तासिकेला तीन शिक्षक उभे राहिले तरी ती तासिका बहुतेक ठिकाणी एकाच्याच नावावर मोजली जाते. आम्ही तीसपैकी आठच तासिका तिघांनी मिळून घेतो आणि त्या आठही तासिका प्रत्येकाच्या कार्यभारात धरण्याचा ठराव प्राचार्यांकडून संमत करून घेतला आहे. तसा ठराव न होता केवळ उत्साहावर तीसही तासिका एकत्र घेऊ लागलात, तर दुसऱ्या वर्षी एक सहकारी गळेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

कातळ

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही सहकाऱ्यांनी मिळून हे प्रतिसाद काल वाचले. मराठीच्या सहकाऱ्यांनी ओवी मॅडमच्या प्रतिसादातील पहिला परिच्छेद दोनदा वाचून दाखवला, आणि गेल्या वर्षी त्यांना शेवटचे दहा तास देताना आम्ही त्यांचे मत विचारलेच नव्हते, हे मला तेव्हा आठवले. त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली.

मोजपट्टी सरांची सूचना आम्ही जशीच्या तशी स्वीकारत आहोत: पार्यता, सीमांत खर्च आणि फुल्यांचा पाणाड्यांविषयीचा उतारा या तीनच गोष्टी कसून शिकवायच्या. कणा विहिरीचा राहील, कारण आमच्या मुलांना ती हाताशी आहे. चवदार तळ्याचे निकालपत्र ताळेबंद सरांनी सांगितल्याप्रमाणे पाणी पंचायतीच्या वादानंतर येईल, आणि त्या तासिकेला तिघेही वर्गात असू. अभ्यासक्रम डिसेंबरच्या सत्रात नेण्याचे पत्र आज दिले आहे. कार्यभाराच्या ठरावाविषयी प्राचार्यांशी बोलायचे आहे आणि ते सोपे जाईल असे वाटत नाही, म्हणून सत्रांत मॅडम, तुमच्याकडील ठरावाची भाषा नावे वगळून इथे देता आली तर उपकार होतील.

पहिल्या तासिकेला त्या मुलाचे उत्तर, त्याच्या परवानगीने, फळ्यावर लिहायचे ठरवले आहे. तो आता तिसऱ्या वर्षाला आहे. मी त्याला विचारले तेव्हा त्याने होकार दिला, आणि वाटणी नेमकी कोणत्या साली झाली ते आजोबांना विचारून सांगतो म्हणाला.